सेंट पीटर्झबर्ग कॅडेट विद्यालय

रशियन साम्राज्यातील भूदलाच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी पहिली निवासी संस्था. सम्राज्ञी ॲना इव्हानोव्हना (कार. १७३०–४०) हिच्या १७३१ च्या हुकूमनाम्यान्वये ती स्थापन झाली आणि १७ फेब्रुवारी १७३२ रोजी सेंट पीटर्झबर्ग येथे प्रत्यक्ष सुरू झाली. रशियन भाषेत तिला ‘काडेत्स्की कोर्पुस’ म्हणत. १७४३ पासून ‘भूदलीय उमराव कॅडेट कोर्पुस’, १८०० पासून ‘पहिले कॅडेट कोर्पुस’, १८६३ ते १८८२ ‘लष्करी जिम्नेशियम’ व पुन्हा ‘पहिले कॅडेट कोर्पुस’ अशी तिची नावे बदलत गेली. या नामांतरांमागे दर वेळी राज्यकर्त्यांची सैनिकी अधिकाऱ्याविषयीची बदललेली कल्पना होती. ‘कॅडेट’ हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ धाकटा मुलगा असा आहे. वडिलार्जित जमिनीत वाटा न मिळणारे उमरावांचे धाकटे पुत्र सैन्यात नशीब काढीत, त्यावरून शिकाऊ सैनिकी अधिकाऱ्यास हे नाव पडले. आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेनेतील ‘कॅडेट’ हा शब्द याच कुळातला आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या संविधानवादी लोकशाही पक्षालाही रशियात त्याच्या आद्याक्षरांवरून ‘कॅडेट’ म्हणत. त्या पक्षाचा या विद्यालयाशी काही संबंध नाही.

पार्श्वभूमी : पीटर द ग्रेट (कार. १६८२–१७२५) याने यूरोपीय धर्तीची खडी फौज उभारली, तेव्हा तिला लागणारे अधिकारी कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्याला सतत भेडसावत होता. परदेशी अधिकारी महाग पडत आणि त्यांच्या निष्ठेचाही भरवसा नसे. १७०१ मध्ये त्याने मॉस्कोत गणित व नौकानयन यांचे विद्यालय काढले आणि १७१५ मध्ये नव्या राजधानीत नाविक अकादमी स्थापिली. पायदळ आणि घोडदळ यांच्यासाठी मात्र त्याने निराळाच मार्ग अवलंबिला. उमरावाच्या मुलाने प्रथम गार्ड पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती व्हावे, बराकीत राहावे, पहारे द्यावेत आणि मग अधिकारपद मिळवावे, असा त्याचा दंडक होता. १७२२ च्या ‘श्रेणीपटा’ने या धोरणाला कायद्याचे रूप दिले. या पटात १४ श्रेणी होत्या. सैन्यातील सर्वांत खालच्या अधिकारपदावर पोहोचलेला सामान्य कुळातील मनुष्यही वंशपरंपरागत उमराव ठरे. उलट जन्मजात उमरावाला सेवा केल्यावाचून पद मिळत नसे. कुळापेक्षा कर्तबगारी मोठी हे तत्त्व पीटरने अशा रीतीने रशियाच्या गळी उतरविले खरे, पण ज्यांच्या गळी ते उतरविले त्यांना ते कधीच रुचले नाही.

पीटरच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी या नाराजीला वाचा फुटली. १७३० मध्ये सर्वोच्च खाजगी मंडळातील मूठभर सरदारांनी ॲनाला काही अटींवर सिंहासन देऊ केले. इतर उमरावांनी या मंडळाला विरोध केला आणि आपापल्या मागण्यांचे अर्ज पुढे केले. आमच्या मुलांना शिपाई व खलाशी म्हणून राबवू नये, त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षणाची सोय करावी, ही त्यांतील एक मागणी होती. ॲनाने अटींचा कागद फाडून टाकला व निरंकुश सत्ता हाती घेतली. पण ज्या उमरावांच्या पाठिंब्यावर हे साधले त्यांना काही देणे प्राप्तच होते. कॅडेट विद्यालय हे त्या देण्यांपैकी एक होय. अधिकारी शिक्षित असावा हे पीटरचेच धोरण त्यात पुढे चालले. अधिकाऱ्याने तळापासून चढावे हे मात्र त्यात सुटले. विद्यालयाच्या पुढील इतिहासातील बराचसा ताण या तडजोडीत मुळातच होता.

स्थापना व आरंभीचा काळ : विद्यालयाची कल्पना काउंट पाव्हेल यागुझिन्स्की याने मांडली आणि ती अमलात आणण्याचे काम फील्ड मार्शल बुर्खार्ट क्रिस्टोफ म्यूनिख (१६८३–१७६७) याने केले. म्यूनिख हा जर्मन असून मूळचा अभियंता होता. लाडोगा कालव्याच्या कामामुळे त्याचे नाव झाले होते. प्रशियातील कॅडेट संस्थेचा नमुना त्याच्यापुढे होता. आरंभी २०० मुले घ्यावयाची असे ठरले. त्यांपैकी १५० रशियन व ५० लिव्होनिया आणि एस्टोनिया या बाल्टिक प्रांतांतील असावीत, अशी वाटणी होती. लवकरच ही संख्या ३६० पर्यंत वाढविण्यात आली. प्रवेशाचे वय १३ ते १८ वर्षे असून मुलगा उमराव कुळातील असणे व त्याला लिहितावाचता येणे आवश्यक होते.

विद्यालयाला जागा मिळाली ती व्हसील्येव्हस्की बेटावरील मेन्शिकोव्ह प्रासादाची. अलिक्सांद्र मेन्शिकोव्ह (१६७३–१७२९) हा पीटरचा उजवा हात. अगदी सामान्य घरातून तो राज्यातील सर्वांत श्रीमंत सरदाराच्या पदाला पोहोचला होता. १७२७ मध्ये तो सत्ताभ्रष्ट झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि सायबीरियातील बिर्योझव्ह येथे हद्दपारीत त्याचा अंत झाला. तळातून वर चढलेल्या या माणसाच्या रिकाम्या वाड्यात, तळातून चढण्याची सक्ती नको असलेल्यांच्या मुलांची शाळा भरू लागली. पीटरनंतरच्या काळाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

अभ्यासक्रमात गणित, तोफखाना, दुर्गरचना, इतिहास, भूगोल, विधी, नीतिशास्त्र, लॅटिन व आधुनिक भाषा, चित्रकला, अश्वारोहण, पट्टा खेळणे आणि नृत्य एवढे विषय होते. सर्वांची वृत्ती सैनिकी पेशास अनुकूल नसते व राज्याला मुलकी कामासाठीही शिक्षित माणसे हवीत, हे हुकूमनाम्यातच मान्य केलेले होते. त्यामुळे विद्यार्थी मुलकी सेवेतही जाऊ शकत. विषय सर्वांना सारखे नव्हते. मुलाची आवड व पालकांची इच्छा पाहून ते ठरत. ही मोकळीक कोणत्या दिशेला गेली हे १७३३ मधील आकड्यांवरून दिसते. २४५ रशियन मुलांपैकी २३७ जर्मन शिकत होते, ११० नृत्य शिकत होते आणि रशियन भाषा शिकणारे अवघे १८ होते. शिक्षक बहुतेक जर्मन आणि रशियन पाठ्यपुस्तके जवळजवळ नाहीत अशी स्थिती असल्याने यात नवल नाही. तथापि ज्या शिपायांचे नेतृत्व करावयाचे त्यांच्याच भाषेकडे ही संस्था पाठ फिरवून उभी होती, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. १७४१ मध्ये एलिझाबेथ पिट्रोव्हना (कार. १७४१–६२) सत्तेवर आली आणि म्यूनिख सायबीरियात हद्दपार झाला. विद्यालय मात्र टिकून राहिले.

सांस्कृतिक कार्य : या विद्यालयाने पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत रशियाला चांगले सेनानी किती दिले, याबद्दल वाद होऊ शकेल. फील्ड मार्शल प्यॉटर रुम्यान्त्सेव्ह याचे नाव नेहमी अग्रभागी सांगितले जाते, पण तो येथे काही महिनेच टिकला. रशियन रंगभूमीवरील विद्यालयाचे ऋण मात्र निर्विवाद आहे. अलिक्सांद्र सुमारोकव्ह (१७१७–७७) हा पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. तो १७३२ मध्ये दाखल होऊन १७४० मध्ये उत्तीर्ण झाला. त्याने फ्रेंच अभिजात नाटकाच्या धर्तीवर खोरेव्ह (१७४७) ही शोकात्मिका लिहिली. कॅडेटांनीच ती बसविली आणि पुढे सम्राज्ञीसमोर तिचा प्रयोग केला. त्यातील स्त्रीभूमिकाही मुलांनीच केल्या. यारस्लाव्हल येथे नाटकमंडळी चालविणाऱ्या फ्यॉदर व्होल्कव्ह या व्यापारीपुत्राला एलिझाबेथने राजधानीत बोलावून घेतले व शिक्षणासाठी याच विद्यालयात ठेवले. १७५६ मध्ये राजाज्ञेने रशियन रंगमंदिराची स्थापना झाली, तेव्हा सुमारोकव्ह त्याचा संचालक व व्होल्कव्ह प्रमुख नट होता.

नृत्याची गोष्टही अशीच. झां बातीस्त लांदे हा फ्रेंच नृत्यशिक्षक १७३४ पासून कॅडेटांना नृत्य शिकवीत असे. उमरावाला दरबारी नृत्य यावे एवढाच त्याचा हेतू. परंतु त्याच्या विद्यार्थ्यांनी दरबारात बॅले सादर केले, ते पाहून प्रभावित झालेल्या ॲनाने १७३८ मध्ये त्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र नृत्यशाळा काढण्यास अनुमती दिली. जगप्रसिद्ध रशियन बॅलेची परंपरा या शाळेपासून सुरू होते. १७५७ मध्ये विद्यालयाने स्वतःचा छापखाना सुरू केला. तेथे पाठ्यपुस्तकांबरोबर भाषांतरित ग्रंथही छापले जात आणि १७५९-६० मध्ये सदुपयोगात घालविलेला फावला वेळ अशा अर्थाच्या नावाचे एक साप्ताहिकही निघाले. महाकाव्यकार मिखईल खिरास्कव्ह, नाटककार व्लदिस्लाव्ह ओझिरव्ह हेही याच विद्यालयाचे विद्यार्थी होत. येथील पदवीधराला काव्य, नाट्य, नृत्य सर्व काही येते, फक्त अधिकाऱ्याला यावयास हवे तेवढे येत नाही, अशी टीका पुढे लष्करी वर्तुळात होऊ लागली. ती अगदीच निराधार नव्हती. मात्र ती करणारे एक गोष्ट विसरत. विद्यापीठ नसलेल्या राजधानीत (मॉस्को विद्यापीठाची स्थापना १७५५ ची आहे) अशी दुसरी शाळाच नव्हती. विद्यापीठाचे आणि अकादमीचे काम काही अंशी बराकीला करावे लागले.

बेत्स्कोय याचा प्रयोग : फेब्रुवारी १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने उमरावांना सक्तीच्या राज्यसेवेतून मुक्त केले. त्यामुळे विद्यालयापुढे नवाच प्रश्न उभा राहिला. सेवा करणे ज्यांच्या मर्जीवर सोपविले आहे त्यांना सेवेस प्रवृत्त करणारे शिक्षण कसे असावे? त्याच वर्षी सत्तेवर आलेली दुसरी कॅथरिन (कार. १७६२–९६) व तिचा शिक्षणविषयक सल्लागार इव्हान बेत्स्कोय (१७०४–९५) यांनी दिलेले उत्तर धाडसी होते. लॉक व रूसो यांच्या विचारांनी भारलेल्या बेत्स्कोयला रशियात ‘नव्या जातीची माणसे’ निर्माण करावयाची होती. जुन्या घरातील वाईट संस्कार लागण्यापूर्वीच मूल हाती घेतले पाहिजे, असा त्याचा ठाम विश्वास. मॉस्कोचे अनाथालय व राजधानीतील मुलींची स्मॉल्नी संस्था (दोन्ही १७६४) ही त्याचीच निर्मिती होय.

१७६६ च्या नव्या नियमावलीप्रमाणे मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षी दाखल करून घेत व एकविसाव्या वर्षी बाहेर सोडीत. ही १५ वर्षे प्रत्येकी ३ वर्षांच्या पाच वयोगटांत विभागलेली असत. पहिल्या गटातील बालके स्त्रियांच्या देखरेखीखाली असत. शारीरिक शिक्षेला मनाई होती. उमरावांच्या मुलांबरोबर सामान्य नागरिकांची काही मुलेही घेतली जात. त्यांनी पुढे शिक्षक व्हावे, अशी अपेक्षा असे. या सर्वांची किंमत एकच होती आणि ती मोठी होती. अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत मूल परत मागणार नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागे. दूरच्या प्रांतातून आणलेले पाच वर्षांचे पोर पुढे तरुण होऊनच घरी परते. कित्येकांना आईबापांचे चेहरेही आठवत नसत. दया व स्वातंत्र्य शिकविण्यासाठी मुलांना कोंडून ठेवावे लागले, ही या प्रयोगातील विसंगती बेत्स्कोयला फारशी जाणवलेली दिसत नाही. कॅथरिनचा अनौरस पुत्र अलेक्सेय बोब्रिन्स्की (जन्म १७६२) हाही येथेच शिकला.

या व्यवस्थेला खरा प्राण दिला तो काउंट फ्रीड्रिख आन्हाल्ट याने. कॅथरिनचा हा आप्त १७८६ ते १७९४ पर्यंत विद्यालयाचा संचालक होता. तो दिवसाचा बहुतेक वेळ मुलांत घालवी आणि कित्येकांना नावानिशी ओळखे. बागेच्या लांबलचक भिंतीवर त्याने थोरांची वचने, इतिहासातील सनावळ्या, आकृत्या व चित्रे रंगवून घेतली. ही ‘बोलकी भिंत’ मुले खेळता खेळता वाचीत. विश्रांतीच्या दालनात त्याने थोर पुरुषांचे अर्धपुतळे, ग्रंथ आणि यूरोपातील वृत्तपत्रे ठेविली. फ्रान्समध्ये क्रांती पेटली असता ही वृत्तपत्रे सैनिकी विद्यालयात वाचली जात होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आन्हाल्टच्या मृत्यूनंतर जनरल मिखईल कुटूझॉव्ह (१७४५–१८१३) संचालक झाला. तो १७९७ पर्यंत या पदावर होता. तो स्वतः तोफखाना व अभियांत्रिकी विद्यालयात शिकला होता व तुर्कांविरुद्धच्या लढायांत दोनदा डोक्याला गोळी लागून वाचला होता. आन्हाल्टने तुम्हांला मुलांप्रमाणे वागविले, मी सैनिकांप्रमाणे वागवीन, अशा अर्थाचे उद्‌गार त्याने पहिल्याच भेटीत काढले आणि मुलांनी त्याचे थंडे स्वागत केले, अशी हकीकत तेव्हाचा विद्यार्थी सिर्ग्येय ग्लिंका याने आपल्या आठवणींत दिली आहे. वयोगट मोडून कुटूझॉव्हने कंपन्या केल्या, उन्हाळ्यात मुलांना तंबूंत नेले व रणतंत्राचे पाठ स्वतः दिले. त्याच्या हाताखालून १७९६ मध्ये बाहेर पडलेला कार्ल टोल हा १८१२ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेत त्याचा क्वार्टरमास्टर जनरल होता. एका संचालकाने घरासारखी शाळा केली, दुसऱ्याने तिची छावणी केली. मात्र दोघांचेही विद्यार्थी त्यांच्याविषयी आदराने लिहितात, ही गोष्ट पद्धतीपेक्षा माणसाचे महत्त्व अधिक असल्याचे दर्शविते.

डिसेंबरवादी आणि विद्यालय : १८०१ ते १८२० या काळात संचालकपदावर असलेला फ्रीड्रिख माक्सिमीलिआन क्लिंगर (१७५२–१८३१) हा जर्मन नाटककार. त्याच्या १७७६ च्या एका नाटकाच्या नावावरून जर्मन साहित्यातील ‘श्टुर्म उंट ड्रांग’ (वादळ आणि झंझावात) या बंडखोर संप्रदायाला नाव मिळाले. सेनापती झालेला हा जुना बंडखोर शिस्तीच्या बाबतीत मात्र रूक्ष व कठोर निघाला. या काळात वेतांचा मारही परत आला होता. याच वर्षांत (१८०१–१४) कंद्राती रिल्येयव्ह (१७९५–१८२६) येथे वाढला. सहाव्या वर्षी आलेला हा मुलगा तेरा वर्षे आत राहिला. विद्यालयाचा मुख्य स्वयंपाकी वारला, तेव्हा त्याच्यावर त्याने एक विडंबनकाव्य रचले. त्यात कोठी सांभाळणारा बोब्रव्ह हाही आला होता. पुढे हाच रिल्येयव्ह गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या उत्तरेकडील शाखेचा नेता झाला.

१४ डिसेंबर १८२५ रोजी काही पलटणींनी सिनेट चौकात पहिल्या निकोलसशी (कार. १८२५–५५) निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले. संध्याकाळी तोफा डागून त्यांना पांगविण्यात आले. गोठलेल्या नेव्हा नदीवरून पळालेल्या शिपायांपैकी काही जखमी पैलतीरावरील विद्यालयात शिरले. निकलाय ल्येस्कव्ह (१८३१–९५) याने कॅडेटांचा मठ (१८८०) या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आठवणींवर आधारलेल्या कथनात पुढील हकीकत सांगितली आहे. मुलांनी आपल्या रात्रीच्या जेवणातील वाटा शांतपणे या जखमींना दिला. दुसऱ्या दिवशी सम्राट संतापून आला व या संस्थेचे वळण चांगले नसल्याचे त्याने संचालक मिखईल पेर्स्की याला सुनावले. रिल्येयव्ह येथूनच निघाला, असे सम्राटाने म्हणताच पेर्स्कीने येथूनच निघालेल्या सेनापतींची नावे सांगितली. शत्रूचाही पराभव झाल्यावर त्याच्या जखमींची शुश्रूषा करावी असे मुलांना शिकविले जाते, असेही त्याने निवेदन केले, आणि सम्राट निघून गेला. ल्येस्कव्ह हा कथाकार असल्याने संवाद शब्दशः खरा मानण्याचे कारण नाही. पण पन्नास वर्षांनंतर जुन्या विद्यार्थ्यांना आपली शाळा अशी आठवावीशी वाटली, हेही इतिहासाचेच साधन होय. याच कथनात बोब्रव्हही पुन्हा भेटतो. अविवाहित व काटकसरी असा हा ब्रिगेडियर आपल्या सबंध वेतनातून गरीब कॅडेटांना उत्तीर्ण होताना कपडे आणि चांदीचे चमचे घेऊन देई. घरी कोणी सोबती आला तर त्याला चहा देता यावा, एवढाच त्याचा हेतू. तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीपुरतेही पैसे मागे नव्हते.

रिल्येयव्हला १३ जुलै १८२६ रोजी इतर चौघांबरोबर फाशी देण्यात आले. यानंतर निकोलसने सैनिकी शिक्षणाची सर्व सूत्रे आवळली. अभ्यासात निष्ठा व धर्म यांना आणि दिनक्रमात कवायतीला अग्रस्थान मिळाले. मुलांना घरापासून दूर राजधानीत आणण्याऐवजी प्रांतोप्रांती विद्यालये काढण्याचे धोरण आखले गेले. त्यानुसार नॉव्हगोरॉड (१८३४), पोलोत्स्क (१८३५), पल्ताव्हा (१८४०), अर्योल (१८४३), व्हरोन्येश (१८४५) इ. ठिकाणी ती निघाली. यांपैकी काहींचा खर्च स्थानिक उमरावांच्या देणग्यांतून झाला. सेंट पीटर्झबर्गचे विद्यालय आता अनेकांपैकी एक ठरले. ‘पहिले’ हा शब्द केवळ ज्येष्ठतेचा राहिला.

मिल्यूतिनच्या सुधारणा व नंतर : क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) रशियाचा पराभव झाला आणि या सर्व व्यवस्थेचे हिशेब तपासले गेले. युद्धमंत्री दिमित्री मिल्यूतिन (१८१६–१९१२) याचे दोन आक्षेप होते. दहा वर्षांच्या मुलाला गणवेश चढवून शिपाई बनविणे हे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे, हा पहिला. दुसरा अधिक व्यावहारिक होता. एवढा खर्च करूनही या संस्थांतून सैन्याला लागणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी थोडेच मिळत. बाकीचे पलटणीतच वाढलेले व जेमतेम शिकलेले असत. १८६३ पासून त्याने विद्यालयांचे दोन तुकडे केले. वरच्या वर्गांपासून पाव्हलोव्हस्क, कॉन्स्टंटीन आणि अलेक्झांडर (मॉस्को) ही स्वतंत्र सैनिकी महाविद्यालये झाली. खालच्या वर्गांची लष्करी जिम्नेशियम बनली. या जिम्नेशियममध्ये अधिकाऱ्यांच्या जागी मुलकी शिक्षक आले, कवायत कमी झाली, निसर्गविज्ञान व आधुनिक भाषा वाढल्या आणि मारही बराच कमी झाला. जनरल निकोलाय इसाकोव्ह याने या शाळांची घडी बसविली. रशियातील उत्तम माध्यमिक शाळांत त्या काळी त्यांची गणना होई. शिवाय १८६४ पासून ठिकठिकाणी दोन वर्षांची ‘युंकर’ विद्यालये निघाली. पलटणीतून आलेल्या व फारसे शिक्षण नसलेल्या उमेदवारांसाठी ती होती.

मिल्यूतिन गेला आणि १८८२ मध्ये तिसऱ्या अलेक्झांडरच्या राजवटीत जिम्नेशियमची पुन्हा कॅडेट विद्यालये झाली. शिक्षक-अधिकारी, खांद्यावरील पट्ट्या व कंपन्या परतल्या. पुढे सुप्रसिद्ध कथाकार झालेला अलिक्सांद्र कूप्रिन (१८७०–१९३८) हा मॉस्कोत जिम्नेशियममध्ये दाखल झाला व तीच इमारत कॅडेट विद्यालय झाल्यावर बाहेर पडला. तेथील दांडगाई व छळ यांचे त्याने केलेले चित्रण कटू आहे. अभ्यासक्रमात मात्र मिल्यूतिनच्या काळचा बराच भाग टिकून राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व कॅडेट विद्यालयांचा प्रमुख असलेला ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटीन कॉन्स्टंटीनोव्हिच हा स्वतः कवी होता. विद्यालयांत फिरून मुलांत मिसळण्याच्या त्याच्या रीतीमुळे वातावरण पुष्कळ सौम्य झाले.

दरम्यान सैन्याचे स्वरूप या विद्यालयांच्या बाहेरच बदलत होते. १८७४ मध्ये सार्वत्रिक लष्करी सेवा सुरू झाली होती. युंकर विद्यालयांतून भूदास, शिपाई व कारकून यांची मुले अधिकारी होऊ लागली. पहिल्या महायुद्धातील सरसेनाधिपतीचा स्टाफ-प्रमुख मिखईल अलेक्सेयेव्ह हा शिपायाचा मुलगा मॉस्कोच्या, तर अँतॉन डेनिकिन हा जन्माने भूदास असलेल्या सैनिकाचा मुलगा कीव्हच्या युंकर विद्यालयाचा विद्यार्थी होता. १९१४ च्या सुमारास अधिकाऱ्यांत वंशपरंपरागत उमराव जेमतेम निम्मे उरले होते. पीटरचा श्रेणीपट अशा रीतीने मागील दाराने पुन्हा सैन्यात आला. कॅडेट विद्यालयांची संख्या या वेळी सुमारे ३० होती. त्यांतही आता बहुतेक मुले जमीनदारांची नसून पगारावर जगणाऱ्या अधिकाऱ्यांची असत.

अखेर : पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षातच जुने अधिकारी मोठ्या संख्येने कामी आले. सैनिकी महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तीन-चार महिन्यांवर आणावे लागले. अशा झटपट शिक्षणातून दोन लाखांहून अधिक नवे अधिकारी निर्माण झाले. त्यांतील बरेच शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी होते. १९१७ मध्ये झारशाहीसाठी लढावयास फारसे कोणी पुढे आले नाही, याचे एक कारण या बदलात आहे.

जून १९१७ मध्ये सोव्हिएटांची पहिली अखिल रशियन परिषद पेट्रोग्राड येथे पहिल्या कॅडेट विद्यालयाच्या इमारतीतच भरली. सत्ता एकट्याने हाती घेण्यास तयार असा पक्ष देशात नाही, या म्हणण्यावर असा पक्ष आहे, असे लेनिनने जागेवरून उत्तर दिले, ते येथेच. ऑक्टोबर क्रांतीच्या रात्री हिवाळी प्रासादाचे रक्षण करणाऱ्यांत युंकर तरुण होते. त्यानंतर चार दिवसांनी पेट्रोग्राडमधील त्यांचा उठाव मोडून काढण्यात आला. व्लदीमिर विद्यालयावर तोफा डागण्यात आल्या. मॉस्कोत अलेक्झांडर विद्यालयातून प्रतिकाराची सूत्रे हलत होती आणि लिफोर्तव्हो भागात कॅडेट मुलेही लढली. ही लढाई नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत चालली. या सर्व तारखा रशियातील जुन्या कालगणनेच्या आहेत. १९१८ पर्यंत सोव्हिएट राजवटीने कॅडेट विद्यालये बंद केली.

यादवी युद्धात जुन्या विद्यार्थ्यांची वाटणी झाली. सायबीरियन कॅडेट विद्यालयात शिकलेला लाव्हर कोर्निलोव्ह श्वेत सेनेचा पहिला सेनापती झाला. मॉस्कोच्या कॅडेट विद्यालयातून आलेला मिखईल तुखाचेव्हस्की तांबड्या सेनेचा मार्शल झाला आणि १९३७ मध्ये स्टालिनच्या काळात गोळी घालून मारला गेला. श्वेत सैन्याबरोबर देशाबाहेर पडलेल्या मुलांसाठी १९२० मध्ये यूगोस्लाव्हियात कॅडेट विद्यालय पुन्हा उभारण्यात आले. ते शेवटी ब्येला त्स्र्क्व्हा येथे होते व १९४४ मध्ये तांबडी सेना जवळ येताच बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, सोव्हिएट शासनाने युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी सुव्हॉरॉव्ह सैनिकी विद्यालये काढण्याचा निर्णय घेतला होता. ती जुन्या कॅडेट विद्यालयांच्या धर्तीवर असावीत, असे त्या निर्णयातच नमूद केलेले आहे. मेन्शिकोव्ह प्रासादाची अठराव्या शतकातील मूळ सजावट दुरुस्त करून १९८१ मध्ये तो हर्मिटेज संग्रहालयाचा विभाग म्हणून लोकांना खुला करण्यात आला.